प्रकरण चौदा : गोल कोणी सांगायचा

फुटबॉलच्या सामन्यात टेकडीने गोदीला हरवलं होतं, तेही गोदीच्याच मैदानावर, आणि तरी आत्याच्या घरात कोणी हसत नव्हतं. आतोबांनी आपला पिवळा मफलर गुपचूप दारामागच्या खुंटीला अडकवून टाकला होता. एरवी टेकडी जिंकली की हा माणूस तो मफलर गळ्यात घालूनच झोपायचा. आत्याने खुंटीकडे पाहिलं आणि ओळखलं, की आजचं पाणी काही वेगळंच आहे.

तिने किटली चढवली. चहा जिंकणाऱ्यांनी करायचा, हा आईचा नियम. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण नियमाला कोणी हात लावला नव्हता. जो हरेल त्याने गोल सांगायचा, जो जिंकेल त्याने चहा करायचा. सांगून होईपर्यंत जिंकणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही. सांगणाऱ्याने रेफ्रीला, वाऱ्याला आणि नशिबाला दोष द्यायचा नाही. गोल जसा झाला तसा सांगायचा, आणि देखणा झाला असेल तर देखणा म्हणायचा. सगळं सांगून झालं की जिंकणाऱ्यांनी म्हणायचं, "झाला गोल." मग कप भरायचे आणि पुढच्या सामन्यापर्यंत विषय बंद.

आईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला माणसं कळायची. आत्या लग्न होऊन टेकडीवर आली त्या वर्षी तिचा भाऊ आणि तिचा नवरा एका पेनल्टीवरून असे भांडले होते, की अख्खा हिवाळा त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आत्या माहेरी गेली की नवरा फाटकाबाहेर उभा, आणि दादा तिच्या सासरी आला की पायरीवरूनच परत. शेवटी आईने दोघांना एका टेबलाशी बसवलं आणि दादाला म्हणाली, "तू हरलास ना? मग तूच सांग, कसा हरलास ते." दादाने दात-ओठ खात सुरुवात केली होती. गोल सांगून होईपर्यंत त्याचा राग कुठे गेला ते त्यालाही कळलं नव्हतं.

तेव्हापासून दादा या घराण्यातला सगळ्यात चांगला सांगणारा. गोदीत तो क्रेन चालवतो. दिवसभर उंच केबिनमध्ये एकटा बसून खालची जहाजं आणि माणसं बघत राहतो, कोणाशी बोलणं नाही. साठलेलं सगळं गोल सांगताना बाहेर यायचं. त्याने सांगितलेला गोल ऐकताना आतोबांसारखा बडबड्या माणूसही बिस्किट हातातच धरून बसायचा.

दारावर टकटक झाली.

दादा आधी आत आला. गळ्यात हिरवा मफलर तसाच. कोणाकडे न बघता तो खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. मागून वहिनी, डोळे लाल. मग सून. आणि सगळ्यात शेवटी, चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून, लांब्या. हा दादाचा मुलगा, सुनेचा नवरा, आत्याचा लाडका भाचा, आणि गोदीचा गोलरक्षक. आजचा गोल त्याच्यावर झाला होता.

झाला होता म्हणण्यापेक्षा त्याने होऊ दिला होता, असं गाव म्हणत होतं. सामना संपत आला असताना बॉल असा रमतगमत आला, की दुडदुडणाऱ्या पोराने पायाने अडवला असता. लांब्या मात्र हात खाली सोडून उभा राहिला. झेप नाही, वाकणं नाही, पाऊलसुद्धा हललं नाही. बॉल त्याच्या बुटाशेजारून जाळ्यात गेला. आत्याने स्टँडमधून स्वतः पाहिलं होतं. ती इस्पितळात एक्स-रे काढते. "श्वास धरा, हलू नका" हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणते त्याला गणती नाही. पण सांगून कोणी इतकं स्तब्ध उभं राहिलेलं तिने आजवर पाहिलं नव्हतं. टेकडीचा गोल झाला म्हणून ओरडायला तिने तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

"आत्या, हे ठेव तुझ्याकडे," लांब्याने तिच्या हातात हातमोजे दिले. अजून ओले होते. "मला आता लागणार नाहीत."

तो टेबलाशी जाऊन बसला. आत्या हातमोजे घेऊन स्वयंपाकघरात आली, आणि तिच्या मागोमाग सून.

सूनबाई या घरात नवी. माहेरी कोणी कधी बॉलला पाय लावलेला नाही. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे तिला घाबरलेल्या माणसांची सवय आहे, आणि भिडस्तपणा औषधालाही नाही. आत्याला ती पहिल्या दिवसापासून आवडली होती. चौकस माणसाला चौकस माणूस लगेच ओळखू येतो.

"आत्या, उद्या सकाळी त्याला कोचने बोलावलंय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "म्हणाला, कारण घेऊन ये, नाहीतर हातमोजे देऊन जा. आणि हा हातमोजे तुमच्याकडे ठेवतोय. म्हणजे समजा."

"तू विचारलंस का त्याला?"

"वाटभर विचारलं. म्हणतो, सांगता येत नाही. आणि बाबा त्याच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. बसमध्येसुद्धा वेगळे बसले."

आतोबा दारातून डोकावले. त्यांचं केशकर्तनालय चौकात आहे, त्यामुळे गावातली अफवा पहिल्यांदा त्यांच्या आरशासमोर येऊन बसते. "सामन्यानंतर जरा दुकान उघडलं," ते म्हणाले, "तर एक जण दाढीला बसला. माझ्या वस्तऱ्याखाली मान, आणि मला म्हणतो, 'तुमच्या भाच्याने तुम्हाला गोल भेट दिला म्हणे!' बघा धाडस! म्हणे आत्याच्या घरी जेवतो, खाल्ल्या मिठाला जागला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? अर्धीच दाढी केली आणि दुकान बंद केलं."

सुनेला हसू फुटलं, आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. आत्याने हातमोजे गॅसजवळच्या दांडीवर वाळत घातले. जाता जाता एकात तिने आपला हात घालून पाहिला. आत ऊब होती अजून. या एवढ्या हातांनी बॉल अडवला कसा नाही, हे कुतूहल तिला सामन्यापासून पोखरत होतं. भाच्याची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर काळजीच्या बरोबरीने कुतूहलही होतं, आणि त्याची तिला थोडी लाजही वाटत होती.

सगळे टेबलाशी बसले. कप मांडलेले, रिकामे.

"दादा," आत्या म्हणाली, "सांग."

दादाने खिडकीतून तोंड वळवलं नाही. "मी नाही सांगत."

हे या घरात कोणी कधीच म्हणालं नव्हतं. पाच गोलांनी हरल्यावर पाचही गोल सांगितले होते दादाने. एकदा ताप असताना पांघरुणातून सांगितला होता.  आत्याला तो फाटकाबाहेरचा हिवाळा आठवला.

"अहो, असं काय करता?" वहिनी कळवळल्या. "सगळं गाव त्याच्यावर थुंकतंय, आणि तुम्ही बाप असून मूग गिळून बसलात! चार शब्द बोला. शिव्या द्या वाटलं तर."

"आईचा नियम आहे, दादा," आत्या म्हणाली.

"माहीत आहे. तरी नाही."

"तुला त्याचा राग आलाय का?"

दादाने मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं. वहिनींनी सुनेचा हात धरला. आणि मग भलतंच घडलं. टेकडीचे कट्टर, जन्माचे पिवळे आतोबा खुर्ची सरकवून लांब्याच्या शेजारी जाऊन बसले.

"दादा, नियम मोडतोय, माफ करा," ते म्हणाले. "जिंकणाऱ्याने बोलायचं नसतं. पण हा पोरगा विकला गेला असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमच्या घरचा चहा मला वर्ज्य. मागच्या मोसमात याने माझ्या टेकडीच्या दोन पेनल्ट्या अडवल्या. दोन! मी आठवडाभर याच्याशी नीट बोललो नव्हतो. असला माणूस गोल भेट देतो होय?"

"मी असं म्हटलंय का?" दादा पहिल्यांदा वळला. "माझ्या पोराला मी ओळखत नाही?"

"मग बोलत का नाहीस?" आत्याचा आवाज चढला.

"बाबांना राहू द्या," लांब्या म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. "मी सांगतो. गोल माझ्यावर झालाय. मीच सांगायला हवा."

 आत्याला जाणवलं, की या टेबलावर शेकडो गोल सांगून झाले, पण ते सगळे स्टँडमधून पाहिलेले. जाळ्यासमोर उभा राहून पाहिलेला गोल अजून कोणी सांगितला नव्हता. लांब्यावर गोल झाले तरी सांगायचा दादाच, लांब्या ऐकायचा. आतोबांनी सवयीने बिस्किट हातात घेतलं.

"त्यांचा विंगर डावीकडून आला," लांब्याने सुरुवात केली. "आपला बॅक घसरला. तो चुकला नाही, खरंच घसरला, तिथे गवत नाहीये. विंगरने बॉल खालून आत टाकला, जमिनीला चिकटून. समोर त्यांचा बुटका. मी त्याच्यासाठी तयार होतो. तो उजव्या पायाने मारतो आणि माझ्या डावीकडे मारतो, मला पाठ आहे. मी वजन डाव्या पायावर घेतलं. बॉल त्याच्याजवळ आला, आणि त्याने..." तो थांबला. चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि आत्या चमकली. हरलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. "त्याने मारलाच नाही. पाय फाकवले आणि बॉलला जाऊ दिलं. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मागे त्यांचा तो टकल्या उभा होता. बुटक्याला कसं कळलं तो तिथे आहे ते? इतकी वर्षं खेळतोय, असं कोणाला करताना मी पाहिलं नाही. आणि मला वाटलं..."

"काय वाटलं?" सून पुढे झुकली.

लांब्याने वडिलांकडे पाहिलं. "मला वाटलं, हे बाबा कसं सांगतील?"

दादाने डोळे मिटले.

"म्हणजे, 'बॉल सोडला' म्हणतील का? पण त्या शब्दाने चुकून सुटल्यासारखं वाटतं. 'हूल दिली' म्हणतील? तेही नाही, हूल तर सगळेच देतात. मी शोधत होतो. टकल्याने मारला तो नीट बसलाच नाही, नडगीला लागून हळू आला, ते मला दिसत होतं. सगळं दिसत होतं. आणि मी मनात सांगत होतो, की आता बॉल हळूहळू येतोय, गोलरक्षक मात्र..." त्याचा आवाज फाटला. "मग लोक ओरडले. तेव्हा कळलं, की गोलरक्षक मी आहे."

बाहेर कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. आतोबांच्या हातातलं बिस्किट मोडून टेबलावर पडलं.

"सापडलं का मग?" सुनेने विचारलं.

"काय?"

"शब्द."

"'बॉलला वाट दिली'," लांब्या म्हणाला. "सापडलं तेव्हा बॉल जाळ्यात होता."

आतोबांना हसू आवरेना. त्यांनी तोंडावर रुमाल धरला, खांदे हलायला लागले, आणि वहिनी भडकल्या.

"हसताय काय! हे सगळं सासूबाईंनी लावून दिलं. सांगा म्हणे गोल! लहानपणापासून हा पोरगा टेबलाखाली बसून गोल ऐकायचा. बाकीची पोरं हरल्यावर रडायची, मारामाऱ्या करायची. हा घरी येऊन भिंतीला गोल सांगायचा. आता भोगा! उद्या कोचला काय सांगणार? आमच्या घरात रीत आहे, म्हणून?"

आत्याला ते लागलं. आईच्या नियमाने भाऊ आणि नवरा एका टेबलाशी आणले होते, आणि त्याच नियमाने आज भाच्याचे हात बांधले होते. तिने एक्स-रे पाहावा तसं या घराकडे आरपार पाहिलं, तेव्हा हाड मोडलेलं दिसलं ते नेमकं तिच्या आवडत्या जागी. तिने मन घट्ट केलं. आई असती तर तिनेही हेच केलं असतं, असं स्वतःला बजावलं.

"आजपासून तू गोल सांगायचे नाहीत," ती लांब्याला म्हणाली. "आणि ऐकायचेही नाहीत. सांगणं चालू असेल तेव्हा तू अंगणात जाऊन उभा राहा. नियम माझ्या आईचा होता, मी बदलते."

लांब्या लहान पोरासारखा तिच्याकडे बघत राहिला.

"मग हरल्यावर मी काय करू, आत्या?"

तिने टेबलावरचे रिकामे कप उगाच सरळ केले.

"मला दुसरं काही येत नाही," तो म्हणाला. "ड्रेसिंग रूममध्ये सगळे बाटल्या आपटतात, एकमेकांना शिव्या घालतात. मी कोपऱ्यात बसून मनात सांगतो. सांगितलं की उतरतं. नाही सांगितलं तर ते छातीत तसंच राहतं. आज बाबा बोलले नाहीत, तर बघ ना, किती जड झालंय."

दादा खुर्चीतून उठला. टेबलाशी आला, पण बसला नाही.

"मी सांगितला नाही, कारण मी पाहिला नाही," तो म्हणाला.

"काय पाहिलं नाहीस?" आत्या गोंधळली.

"गोल. हा जाळ्यासमोर उभा राहायला लागला तेव्हापासून मी एकही गोल पाहिलेला नाही. बॉल मधली रेष ओलांडून आपल्या बाजूला आला, की मी बॉल सोडून देतो आणि याच्याकडे बघत बसतो."

"अहो, काहीतरीच काय!" वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं सांगताय ते?"

"बसमध्ये लोक बोलतात ते ऐकतो. थोडं इकडचं, थोडं तिकडचं. कोणत्या बाजूने आला ते याच्या झेपेवरून कळतंच. जोडतो झालं."

आत्याने मनात भराभर मागे जाऊन पाहिलं. खरंच की. अलीकडच्या दादाच्या प्रत्येक गोलात बॉल कसाही येवो, शेवट मात्र एकाच जागी व्हायचा: लांब्याचा डावा हात, लांब्याचं कोपर, लांब्या धुळीत. आणि आपल्याला वाटायचं, दादाचं सांगणं वयाबरोबर हळवं होतंय!

"मग आज काय पाहिलंत, बाबा?" लांब्याने विचारलं.

दादाने घसा खाकरला, तसा तो प्रत्येक गोलाआधी खाकरायचा. सगळे आपोआप सरसावून बसले.

"आज मी पाहिलं, की हा डाव्या पायावर आला. बरोबर आला. गुडघे वाकलेले, बोटं पसरलेली. मग एकदम याचे हात खाली गेले. चेहऱ्यावर हसू. आणि ओठ हलायला लागले." दादाने लांब्याकडे पाहिलं. "एवढासा होता तेव्हा भिंतीसमोर उभा राहून हलायचे ना, तसे. मला तिथेच कळलं, की हा सांगतोय. लोक म्हणाले थिजला, विकला. मला एकट्याला ठाऊक होतं. ओरडून हाक मारायला उठलो, तर आवाजच फुटेना. म्हणून बसमध्ये वेगळा बसलो. याच्यावर कसला राग? याला हे शिकवलं कोणी? मीच. कुठल्या तोंडाने गोल सांगू?"

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. आतोबा खाली मान घालून बिस्किटाचे तुकडे गोळा करत राहिले.

सून मात्र कपाळाला आठ्या घालून विचार करत होती. "मला एक कळत नाही," ती म्हणाली. "तू मनात का सांगतोस?"

"म्हणजे?"

"माझ्याकडे शिकायला येणारे गाडीत बसले की थिजतात. समोरचा सायकलवाला दिसत असतो, पण पाय ब्रेकवर जात नाही. मी त्यांना मोठ्याने बोलायला लावते. सायकलवाला डावीकडे. बाई रस्ता ओलांडतेय. बोलले की पाय आपोआप हलतो. तू मैदानात मोठ्याने सांग ना. आणि झाल्यावर कशाला, होण्याआधी सांग. 'मागे टकल्या आहे' हे तुला दिसलं होतं, ते बॅकला ओरडून सांगितलं असतंस तर?"

"त्याने टकल्याला धरलं असतं," लांब्या हळूच म्हणाला.

"बघा!" आतोबांनी टेबलावर थाप मारली आणि लगेच हात मागे घेतला. "अरे, हिला गप्प करा कोणीतरी. पुढच्या सामन्यात माझ्या टेकडीचं काय होणार?"

लांब्या हसला. दुपारपासून पहिल्यांदा. मग गंभीर झाला.

"उद्या कोचला काय सांगू?"

"जे आत्ता सांगितलंस तेच," दादा म्हणाला. "त्याला पटलं नाही तर पटलं नाही. पण सगळं सांग. घसरलेल्या बॅकपासून."

"आणि तुम्ही, बाबा? पुढच्या वेळी बॉल बघाल ना? नाहीतर इथे सांगणार काय?"

दादाने हिरवा मफलर गळ्यातून काढला. घडी केली, परत उलगडली.

"बॉल तू बघ," तो म्हणाला. "मी तुझ्याकडे बघेन. मला तेवढंच जमतं."

एवढं बोलून तो आत्याकडे वळला. दादा आपल्याकडे का बघतोय हे आत्याला क्षणभर समजलं नाही. मग लक्षात आलं, की गोल सांगून झालाय, आणि आता पाळी तिची आहे.

"झाला गोल," ती म्हणाली. 

ती किटली आणायला स्वयंपाकघरात गेली. पाणी आटून तळाला गेलं होतं, नव्याने चढवावं लागलं. ती गॅसपाशी उभी असताना मागून दाराशी कोणीतरी वाकलं.

"आत्या," लांब्या म्हणाला, "वाळले का गं माझे हातमोजे?"